रबरबँड

उद्यमबागेत त्या सकाळी
वाळूचा ढीगसुद्धा भांग पाडल्यासारखा नीट होता.
पाट्या नव्या: कन्नड वर, इंग्रजी खाली,
हिंदी कोपऱ्यात, संथाळी कुठंच नाही.

मी दिवसाला अठराशे रुपयांची दुभाषी.
घरात मराठी, बाजारात कन्नड, ऑडिटला इंग्रजी,
आणि फौंड्रीतल्या या पोरांसाठी हिंदी,
जी त्यांचीही नाही, माझीही नाही.
दोघं परक्याच्या अंगणात उभं राहून बोलतो झालं.

आयलीन मॅडम बंगळुराहून आलेल्या.
त्यांच्यामागे कुठल्याशा थंड देशातली पंप विकणारी कंपनी,
कंपनीमागे तिकडचा कायदा,
कायद्यामागे कुणीतरी, ज्याला रात्री शांत झोप हवी.
वाईट माणसं नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न चौऱ्याऐंशी.
हेल्मेट आहे? आहे. पुठ्ठ्याचा वास अजून येतोय त्याला.
सतरावा: ओळखपत्र तुमच्याच ताब्यात असतं का?
चुंडा मुर्मूनं आधार कार्ड टेबलावर ठेवलं,
मी प्रश्न संपवायच्या आत.
त्याच्यानंतर आलेल्यानंही. त्याच्यानंतरच्यानंही.
आणि प्रत्येक कार्डाच्या दोन्ही कडांना
बरोबर मधोमध एक बारीक खाच.

ही खाच मला ठाऊक आहे.
आमच्या गल्लीची रेशनकार्डं
उधारीपोटी दुकानदाराच्या गल्ल्यात असायची,
एका गठ्ठ्यात, एका रबरबँडखाली.
आईच्या कार्डाला अजून आहे ती.

तेविसावा: जबरदस्तीनं काम करून घेतात का?
चुंडा हसला. यहाँ कोई मारता नहीं, दीदी.
बस पेशगी उतर जाए, तो घर.
पेशगी. आमच्यात उचल. कन्नडात मुंगड.
उचल म्हटलं की दिसतं तरी,
कुणीतरी वाकून काहीतरी खांद्यावर घेतलंय.
इंग्रजीत मी ॲडव्हान्स म्हणाले
आणि पस्तीस हजार
दिवाळीच्या बोनससारखे हलके होऊन
मॅडमच्या कागदावर उतरले.
किती फिटले?
हिसाब ईरप्पा के पास है.
उत्तर: नाही, जबरदस्ती नाही.
मी शब्दाला शब्द दिला. मला त्याचेच पैसे मिळतात.

परतताना, तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी अडकली
तेव्हा म्हटलं, मॅडम, कार्डांचे फोटो परत बघा.
कडा बघा.
त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.
मालगाडी जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, याला रकाना नाही.
मग 'इतर'मध्ये लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या.

त्या रात्री मला झोप नाही.
ऑर्डर गेली तर पोरं रस्त्यावर,
आणि उचल त्यांच्या मागोमाग दुमक्यापर्यंत.
बोलून मी कुणाचं काय भलं केलं,
काय की.

ऑर्डर गेली नाही.
पुढच्या वर्षी चौसष्ट लॉकर आले,
निळे, प्रत्येकावर नंबर,
रायकर साहेबांनी फोटोसाठी दिवेही लावलेले.
एकेकाची कार्डं एकेकाच्या लॉकरात.
मॅडमनी बरोबरची खूण केली. चूक नव्हती त्यांची.
चुंडा नव्हता. एकतीस नंबरला दुसराच कुणी,
ओठावर मिसरूड फुटायची, कानात मोल्डिंगची काळी वाळू.

सतरावा प्रश्न झाला, हो म्हणाला.
अठरावा मॅडम वाचायला लागल्या
आणि मी हात वर केला, शाळेतल्यासारखा,
आणि त्याला विचारलं, जे कुठल्याच यादीत नव्हतं,
जे कुणी मला भाषांतराला दिलं नव्हतं:

किल्ली कुठंय तुझी?

त्यानं खिडकीतून
गेटवरच्या केबिनकडे पाहिलं.